बुळकांडीचा चुलतभाऊ

मला गोवर आला तेव्हा मी पहिलीत होतो. आठवतंय ते सगळं तुटक तुटक, उशाला कडुनिंबाचा पाला, उजेड डोळ्यांना टोचायचा म्हणून खिडकीवर टाकलेलं जुनं लुगडं, आणि मनुका भिजवून कोळलेलं पाणी जे मला अजिबात आवडायचं नाही. पण एक वाक्य मात्र लख्ख लक्षात राहिलंय. आज्जी ओल्या फडक्यानं माझे चिकटलेले डोळे पुसत होती आणि दारात उभ्या काकूला म्हणाली, "डोळं बघ की कसं झाल्यात, बुळकांडीच्या बैलावानी." काकू म्हणाली, "काय पण बोलतायसा आत्ती, पोराला बैल म्हणतायसा."

मी बरा झालो, अंगावरचे डाग गेले, पण पुढची दोन-तीन वर्षं घरात कुणाला मला चिडवायचं असलं की बुळकांडीचा बैल हेच नाव.

आता हा शब्द आमच्या गावातल्या पंचविशीतल्या पोरांनाही माहीत नाही. लंपी माहितीय, लाळ्या-खुरकूत, घटसर्प, फऱ्या माहितीयत, कारण त्यांच्या लसी टोचायला अजून डॉक्टर येतात. बुळकांडी म्हंजे इंग्रजी पुस्तकातलं रिंडरपेस्ट. मूळ शब्द जर्मन, अर्थ सरळच आहे, गुरांची महामारी. आधी ताप, मग डोळ्यानाकातून पाणी, तोंडात फोड, आणि मग जिच्यावरून मराठी नाव पडलं ती पातळ हगवण, सहा ते बारा दिवसांत जनावर आडवं.

आमचं घर मिरजेच्या पूर्व भागात. पुढं सोपा, सोप्यातच एका अंगाला दावण, मधे कमरेएवढी भिंत आणि भिंतीच्या अलीकडं आम्ही झोपणार. बैलाचं फुरफुरणं आणि गळ्यातल्या घुंगराचा आवाज ऐकतच झोप लागायची. आज्जी लग्न होऊन या घरात आली त्यानंतर थोड्याच वर्षांत, तिच्या हिशेबानं "गांधीस्नी मारलं त्येच्या आदल्या साली", बुळकांडी आली. चार बैल आणि एक म्हैस होती. म्हैस राहिली. सर्ज्या, पाखऱ्या, ढवळ्या, चिमण्या असे चौघे गेले आणि ती ही नावं नेहमी याच क्रमानं घ्यायची, बहुतेक मरणाच्या. "आठ दिसात दावण रिकामी झाली" हे वाक्यही दर वेळी शब्दाशब्दानं तेच. गावानं मरीआईचा गाडा शिवेपार नेऊन सोडला. पुढच्या पेरणीला आज्जा आणि त्याचा धाकटा भाऊ यांनी कुळवाला स्वतः खांदा दिला. ती हे रडत वगैरे सांगायची नाही, जोंधळे पाखडता पाखडता सांगायची.

मग थेट जून २०२०. पुण्यात फ्लॅटमध्ये अडकलेलो, जो उठतो तो व्हॉट्सअपवर व्हायरस, जिनोम आणि वटवाघूळ यांच्यावर व्याख्यान देतोय, आणि मी पण त्यातलाच, रात्री दोन-दोन वाजेपर्यंत मोबाईलवर कायबाय वाचत पडायचो. त्यात एका रात्री 'सायन्स' या नियतकालिकात आलेल्या एका पेपरची बातमी दिसली, की गोवराचा विषाणू आणि रिंडरपेस्टचा विषाणू यांची फारकत इसवी सनापूर्वी सहाव्या शतकात झाली असावी. मी उठून बसलो. फारकत झाली म्हणजे त्याआधी ते एकाच घरात होते. आज्जीला जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती, नाहीतर त्या वेळेलाही गावाकडं फोन लावला असता.

नंतर शोधून शोधून वाचलं. मॉर्बिलिव्हायरस नावाचं विषाणूंचं एक कूळ आहे. माणसाचा गोवर, गुरांची बुळकांडी, शेळ्यामेंढ्यांचा पीपीआर, कुत्र्यांचा डिस्टेंपर, शिवाय सील आणि डॉल्फिन यांचे आपापले वेगळे. त्यातलं गोवर आणि बुळकांडीचं नातं सगळ्यात जवळचं, सख्खे चुलतभाऊ म्हणावं इतकं. आणि हे डॉक्टर लोकांना जिनोम वाचता येण्याच्या आधीपासून वापरात माहीत होतं, म्हणजे कुत्र्याच्या लहान पिल्लांना डिस्टेंपरपासून वाचवायला माणसाची गोवराची लस टोचायचे, आणि शेळ्यांना पीपीआर होऊ नये म्हणून बुळकांडीची. एकाच्या ओळखीवर दुसऱ्याला दारातच अडवायचं.

पण नातं आहे हे कळणं वेगळं आणि वाटण्या कोणत्या साली झाल्या हे कळणं वेगळं. इथं मला आमचे हेळवी आठवतात.

सांगली-कोल्हापूर-सोलापूरकडच्या लोकांना हेळवी सांगायला नको, बाकीच्यांसाठी सांगतो. दिवाळीनंतर सुगीच्या सुमाराला, पूर्वी बैलावर बसून, हेळवी यायचा. त्याच्याकडं चोपड्या, त्यात गावातल्या घराघराची वंशावळ. सोप्यात घोंगडं टाकायचं, त्यावर बसून तो एका सुरात वाचणार, मूळ पुरुष अमुक, त्याला पोरं तीन, थोरला इथं राहिला, मधला तमक्या गावाला गेला, धाकट्याचा वंश बुडाला. मग या वर्षात जन्मलेल्यांची नावं लिहून घेणार आणि सूपभर जोंधळे, जमलं तर धोतर, घेऊन पुढच्या घरी. चोपडी जीर्ण झाली की तो ती नव्या वहीत उतरवून काढायचा. उतरवताना चूक व्हायचीच. आमच्या एका खापरपणजोबाचं नाव आमच्या चोपडीत रामजी आहे आणि भावकीतल्या दुसऱ्या घराच्या हेळव्याकडं रावजी.

विषाणूचं वंशशास्त्र चालतं ते बरंचसं या रामजी-रावजीवर. गोवराचा जिनोम म्हणजे १५,८९४ अक्षरांचा मजकूर, आकारानं या लेखापेक्षा थोडासाच मोठा. विषाणू आपली प्रत काढतो तेव्हा चुकतो, तपासून दुरुस्त करणारं त्याच्याकडं काही नाही, त्यामुळे चुका साठत जातात. दोन प्रतींत तीच चूक सापडली तर त्या एका आजोबाची नातवंडं. पुण्यात भांडारकर संस्थेनं १९१९ पासून १९६६ पर्यंत देशभरातल्या पोथ्या जमवून, पाठभेद लावून महाभारताची चिकित्सक आवृत्ती केली, तिथं पण पोथ्यांची घराणी अशीच लावली होती. आणि चुका साधारण ठरावीक वेगानं होतात असं धरलं तर चुका मोजून साल काढता येतं, याला म्हणतात रेणवीय घड्याळ.

आता गंमत बघा. हे घड्याळ लावून २०१० साली एका जपानी गटानं हिशेब केला तर गोवर आणि बुळकांडीची फारकत अकराव्या-बाराव्या शतकातली निघाली. आणि इराणचा हकीम अल-राझी, तो दहाव्या शतकातच देवी आणि गोवर हे दोन वेगळे रोग कसे ओळखायचे यावर आख्खा ग्रंथ लिहून बसलेला. म्हणजे पोराच्या बारशाचा वृत्तांत पोर जन्मायच्या शंभर-दोनशे वर्षं आधी छापून आला. कुठंतरी घड्याळ पुढं पळत होतं.

ते का पळतं हे मला समजायला बराच वेळ लागला, तर चोपडीवरच सांगतो. नुकत्याच उतरवलेल्या वहीत चुका भरपूर दिसतात. पण त्यातल्या ज्या चुकांनी वाचणंच अशक्य होतं, अर्थाचा अनर्थ होतो, त्या पुढं टिकत नाहीत, तशी वही कुणी वापरतच नाही. म्हणून शे-दोनशे वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या प्रतीत फरक मोजला तर तो अपेक्षेपेक्षा कमी भरतो, कारण मधल्या बिघडलेल्या प्रती चाळून गेल्या. त्यात एकाच अक्षरावर पुन्हा पुन्हा चूक झाली तर आपल्याला एकदाच मोजता येते. आणि गोवराच्या बाबतीत झालेलं काय, तर जुनी प्रत म्हणून हातात होती ती १९५४ सालची, अमेरिकेत बोस्टनजवळच्या शाळेतल्या डेव्हिड एडमन्स्टन नावाच्या मुलाच्या घशातून आणि रक्तातून घेतलेली. (जाता जाता, जगभरातल्या गोवराच्या लसी मुख्यतः याच मुलाच्या विषाणूची लेकरं आहेत, पुण्याच्या सीरममध्ये बनणाऱ्या लसीच्या वाणाचं नावही एडमन्स्टन-झाग्रेब. सत्तर वर्षांत चुका साठूनही ती लस अजून चालते, म्हणजे काही अक्षरं या विषाणूला बदलणं परवडतच नाही.) अलीकडच्या पन्नास-साठ वर्षांचा वेग घ्यायचा आणि त्यावरून हजारो वर्षांचा हिशेब करायचा, तो चुकणारच की.

तर बर्लिनमध्ये शारिटे नावाचं मोठं जुनं हॉस्पिटल आहे, त्याचं वैद्यकीय इतिहासाचं म्युझियम आहे, रुडॉल्फ फिरखो या जुन्या जर्मन डॉक्टरच्या संग्रहातून उभं राहिलेलं. तिथं काचेच्या बरण्यांत फॉर्मॅलिनमध्ये बुडवून ठेवलेले माणसाचे अवयव आहेत. रॉबर्ट कॉख इन्स्टिट्यूटमधल्या सेबास्तियन कालविन्याक-स्पेन्सर, आरियान ड्युक्स आणि त्यांच्या सोबत्यांनी त्यातली जुनी फुप्फुसं चाळली आणि त्यात एक मिळालं दोन वर्षांच्या मुलीचं, १९१२ साली गोवर होऊन त्यातून न्यूमोनियानं गेलेली. गोवराचा हा मजकूर लिहिलेला असतो तो आरएनए नावाच्या रेणूवर, आणि आरएनए हा प्रकार फार लवकर विरघळून जाणारा, त्यात फॉर्मॅलिन सगळ्या रेणूंना एकमेकांत गुंतवून टाकतं, वाळक्या गोंदासारखं, त्यामुळे शंभर वर्षांनी त्यातून काही वाचता येईल ही आशा कमीच. त्यांनी फुप्फुसाचा छोटा तुकडा घेऊन तापवला, गुंता सुटला, आरएनएचे बारीक बारीक तुकडे हाताला लागले आणि ते जोडून १९१२ चा गोवर जवळजवळ पूर्ण वाचून काढला. मानवी आरएनए विषाणूंचे इतके जुने जिनोम फार कमी आहेत.

पेपरात त्या मुलीचं नाव नाही. वय आहे, साल आहे, आजार आहे. मी आपला विचार करत बसलो की तिच्या उशाशी काय ठेवलं असेल, तिचे डोळे कुणी पुसले असतील.

खरं सांगायचं तर तारीख मागं गेली ती एकट्या त्या फुप्फुसामुळे नाही. जुन्या प्रतीनं घड्याळाला मागं एक भक्कम खुंटी मिळाली, आणि मुख्य म्हणजे त्या चाळून गेलेल्या चुकांचा हिशेब धरणारं गणित त्यांनी लावलं. उत्तर आलं इसवी सनपूर्व ५२८ च्या आसपास. आसपास म्हणजे केवढं, तर इसवी सनपूर्व ११७४ पासून इसवी सन १६५ पर्यंत कुठंही. तेराशे वर्षांचं माप! बातम्यांत नुसतं सहावं शतक छापून आलं, आपल्याकडं लगेच बुद्धाच्या काळात गोवर जन्मला असे फॉरवर्ड सुरू. अंदाजाची रुंदी कुणी छापत नाही, ती वाचायला कंटाळवाणी असते.

आणखी एक गोष्ट त्या गडबडीत हरवली. फारकत झाली म्हणजे धाकट्यानं दुसऱ्या दिवशी दुसरं घर बांधलं असं होत नाही. दोन शाखा वेगळ्या झाल्या ते साल एक, आणि त्यातली एक माणसात कायमची मुक्कामाला आली ते साल वेगळं, मधे कितीही काळ ती गुरांतच किंवा दुसऱ्या कुठल्या जनावरात राहिली असू शकते. गुरांकडून माणसाकडं आला असं म्हणतात ते कुळातली जवळची मंडळी, बुळकांडी आणि पीपीआर, खुरवाल्या जनावरांत आहेत म्हणून. म्हणजे फारकतीचं साल हे माणसातल्या गोवराचं जास्तीत जास्त जुनं साल, इतकंच.

मग सहावं शतक पटण्यासारखं का वाटतं? कारण गोवराला गर्दी लागते. एकदा झाला की जन्मभर परत होत नाही, त्यामुळे त्याला सतत नवी, न झालेली पोरं हवीत. हिशेब करणाऱ्यांनी काढलंय की अडीच ते पाच लाखांची एकमेकांत मिसळणारी वस्ती असेल तरच तो न विझता टिकतो. लहान गावात तो येतो, सगळ्यांना करतो आणि संपतो. याचं सगळ्यात भारी उदाहरण फॅरो बेटांचं. तिथं १७८१ मध्ये गोवर येऊन गेला, मग पासष्ट वर्षं नाव नाही, आणि १८४६ मध्ये परत आला तेव्हा पावणेआठ हजार लोकांतल्या जवळजवळ सहा हजारांना झाला. पेटर पानुम नावाचा जेमतेम पंचविशीतला डॅनिश डॉक्टर तिथं गेला, घरोघरी हिंडला, आणि त्याला दिसलं की १७८१ मध्ये ज्यांना झाला होता त्यातल्या एकाही म्हाताऱ्याला परत झाला नाही. तर एवढ्या गर्दीची शहरं जगात उभी राहायला लागली ती साधारण याच काळात, इसवी सनापूर्वीच्या त्या शेवटच्या काही शतकांत. विषाणू त्याआधी दहादा माणसात शिरला असेल, दहादा विझला असेल. कमरेएवढ्या भिंतीच्या अलीकडं झोपणारे आम्हीच थोडे होतो!

या सगळ्यात पुणं-मुंबईचा संबंध येतो तो असा. गुरांच्या साथींनी सरकार हैराण झालेलं, म्हणून ९ डिसेंबर १८८९ ला पुण्यात कॉलेज ऑफ सायन्समध्ये इम्पिरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी निघाली. असले संसर्गी रोग घेऊन भरवस्तीत बसणं बरं नाही म्हणून १८९३ मध्ये ती कुमाऊंच्या डोंगरात मुक्तेश्वरला हलवली, आजची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ती हीच. त्याच सुमाराला, १८८७ मध्ये, इटलीच्या सैन्यासाठी नेलेल्या जनावरांबरोबर बुळकांडी लाल समुद्रावरच्या मसावा बंदरात उतरली. ती जनावरं भारतातून गेलेली असं बहुतेक इतिहासात लिहिलंय. दहा वर्षांत ती पार आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला पोचली, ठिकठिकाणी शंभरातली ऐंशी-नव्वद गुरं मेली, इथिओपियात त्यामागून जो दुष्काळ पडला त्यात एक तृतीयांश माणसं गेली असं म्हणतात. माणसाला न होणाऱ्या रोगानं एवढी माणसं मारली. आज्जीच्या रिकाम्या दावणीवरून मला ते थोडंफार समजतं, नांगर ओढायलाच कुणी नाही तर पिकणार काय.

त्या साथीवर उपाय शोधायला दक्षिण आफ्रिकेत किम्बर्लीला बोलावलं होतं खुद्द रॉबर्ट कॉखला, नावाजलेल्या जर्मन जंतुशास्त्रज्ञाला. तिथं मेलेल्या जनावराचं पित्त टोचून बाकीची वाचवायची पद्धत त्यानं काढली आणि १८९७ मध्ये तिथूनच त्याला मुंबईला पाठवलं, प्लेगसाठी. त्याच फेरीत तो मुक्तेश्वरलाही जाऊन बुळकांडी बघून आला. आणि सव्वाशे वर्षांनी त्याच्या नावाच्या संस्थेनं बरणीतलं फुप्फुस उघडून बुळकांडीची भावकी लावली. कॉखला मात्र विषाणू हा प्रकारच माहीत नव्हता, बुळकांडीचं कारण गाळणीतून पार होणारं काहीतरी आहे हे इस्तंबूलमध्ये १९०२ ला कळलं.

पुढचं सरळ आहे. मुक्तेश्वरला एडवर्ड्सनं शेळ्यांतून फिरवून मवाळ केलेली लस, मग केनियात वॉल्टर प्लाउराइटची जास्त चांगली लस, आपल्याकडं १९५४ पासून गावोगाव टोचणी. भारतातली शेवटची केस १९९५, जगातली २००१ मध्ये केनियातल्या रानम्हशींत, आणि २०११ मध्ये जाहीर झालं की बुळकांडी संपली. देवीनंतर माणसानं मुळासकट उपटलेला हा दुसराच रोग. चुलतभाऊ मात्र आहे. २०२२ च्या शेवटी गोवंडी, मालेगाव, भिवंडीत त्याच गोवरानं पोरं नेली, लस चोख असताना, नऊ महिन्यांचा डोस चुकला म्हणून.

बुळकांडी आता फक्त काही मोजक्या प्रयोगशाळांच्या फ्रीजरमध्ये आहे. इंग्लंडमधल्या पिरब्राइट या जनावरांच्या रोगांवरच्या संशोधन संस्थेनं २०१९ मध्ये आपल्याकडच्या सगळ्या कुप्या नष्ट केल्या, पण त्याआधी प्रत्येकीतला जिनोम अक्षर न अक्षर उतरवून घेतला. विषाणू जाळला, चोपडी ठेवली.

आज्जी थकली होती तेव्हाची एक दिवाळी. हेळवी मामा वाचून झाल्यावर पेन काढून बसले, यंदा कोण जन्मलं म्हणून, तर आज्जी म्हणाली, "माणसांचीच लिवतासा व्हय, आमच्या बैलांचं बी लिवा की." सगळे हसले. ते हसले नाहीत. म्हणाले सांगा नावं. आणि तिनं त्याच क्रमानं सांगितली, त्यांनी आज्ज्याच्या नावाखाली बारीक अक्षरात चौघांची नावं लिहिली, मी डोळ्यांनी बघितलंय.

मागच्या वर्षी दिवाळीला गावी होतो, त्यांचा मुलगा आला, मोटारसायकलवरून, पाठीवर सॅक. सोप्यात आता फरशी आहे, दावण नाही, खुर्ची दिली. वाचून झाल्यावर मी म्हटलं आज्ज्याचं पान दाखवा. वही नवी कोरी, लॅमिनेशन केलेलं कव्हर, अक्षर सुरेख. आज्ज्याच्या नावाखाली सरळ माझे वडील आणि चुलते. बैल नव्हते.

मी सांगितलं काय होतं ते. तो थोडा ओशाळला, म्हणाला उतरवताना मला वाटलं असेल की वडलांनी कायतरी हिशेब लिहिलाय. म्हटलं जुनी वही आहे का? म्हणाला, "हाय, टाकत न्हाई आमी. गावाकडं ट्रंकंत हाय, कसर लागलीया पर हाय." पुढच्या खेपेला घेऊन येतो म्हणाला.